आवाजाचा प्रकार : इतर

कौन्सिलनं नोंदवही पाठवली आहे.
तारीख, वेळ, किती मिनिटं, आवाजाचा प्रकार.
प्रकाराला चारच चौकोन :
संगीत. कुत्रा. भांडण. इतर.

मंगळवार, रात्रीचे दोन दहा.
इतर.
इतरपुढे अर्धी ओळ मोकळी
आणि मी पेन उघडून बसलेली.
घरघर म्हणावं, तर घशातली वाटते.
भणभण म्हणावं, तर एखादी माशी दिसायला हवी.
गुरगुर म्हणजे कुणीतरी चिडलेलं,
आणि हे चिडलेलं नाही.
हे घुमतं.
अंगात आलेली बाई घुमते तसं,
पण बाई दमते तरी.
शेवटी इंग्रजीत लिहिलं : हम.
हिंदीत वाचलं तर आम्ही.

कानात बोळे घातले, तर वाढला.
पलंग भिंतीपासून वीतभर ओढला,
पायांखाली टेनिसचे चेंडू चिरून बसवले.
फ्रिज बंद करून पाहिला :
सकाळी दूध नासलं, आवाज होता तसाच.
कौन्सिलचा माणूस एक डबी ठेवून गेला.
डबीनं तीन रात्री ऐकलं
आणि पत्र आलं,
दखल घेण्याजोगे काही आढळले नाही.
उशाच्या पेल्यात पाणी थरथरत होतं,
ते मी पत्राला दाखवलं.

हसू याचं येतं, की मी इचलकरंजीची.
भिंतीला भिंत लावून मगदुमांचे आठ माग,
खटाक् खट, खटाक् खट, तिन्ही पाळ्या,
आणि मी बोर्डाच्या पेपरच्या आदल्या रात्रीही
ढाराढूर.
लाइट गेली की माग थांबायचे
आणि अख्खी गल्ली दचकून उठून बसायची,
काय झालं, काय झालं.
आणि इथे हडर्सफील्डला,
लोकरीच्या गिरणीत पाडलेल्या या फ्लॅटमध्ये,
जिथला शेवटचा माग माझ्या जन्माआधीच
भंगारात गेला,
तिथे मला डोळ्याला डोळा नाही.

संशय वरच्या हेबलथ्वेटबाईंवर होता.
पंचाहत्तरीची एकटी बाई
रात्रभर दळते तरी काय?
मनात एक पत्र तयार होतं,
सभ्य, तिसऱ्यांदा खोडलेलं.

गुरुवारी पावणेतीनला दार वाजलं.
त्याच. गाउन, लोकरी मोजे,
बगलेत नोंदवही. कौन्सिलची. सेम.
“तुझं मशीन आहे का गं, लव?”
मी त्यांची वही उघडून पाहिली.
त्यांच्याही पानोपानी इतर,
आणि पुढची अर्धी ओळ कोरी.

मग दोघी निघालो.
जिना, लिफ्टचं दार, मीटरची खोली,
जिथे तिथे कान लावत,
चोरांसारख्या, की चोर शोधणाऱ्यांसारख्या.
तळमजल्यावर गिरणीचा जुना बिडाचा खांब आहे,
त्याला आता टपालपेट्या ठोकल्यात.
बाईंनी त्यावर तळवा टेकला. मीही.
तिथे होता.
कोपरातून चढून थेट दाढांत आला.

बाईंनी माझ्याकडे पाहून ओठ हलवले.
आवाज नाही, नुसते ओठ, मोठे मोठे.
त्यांची आई याच मजल्यावर मागावर होती,
घरी आली तरी तशीच बोलायची
(हे मला नंतर कळलं).
पण ओठ मला तेव्हाच कळले.
मगदूमकाकू मागांच्या पल्याडून
अस्संच सांगायच्या :
मीठ संपलंय. थोरली पास झाली. भाऊ गेला.
हेबलथ्वेटबाई म्हणाल्या,
चहा?

खांबात काय आहे, ते अजून कळलेलं नाही.
मागच्या सुपरमार्केटचा पंखा असेल,
रस्त्याखालचा एखादा पंप असेल.
शुक्रवार, पहाटेचे तीन पंचवीस.
प्रकार : इतर.
किती मिनिटं : चालू आहे.
पानाच्या तळाशी आणखी एक रकाना होता, साक्षीदार,
तो मी रोज रिकामा सोडत आले होते.
तिथे बाईंनी सही केली, तिरकी, शाळेतल्यासारखी,
आणि त्यांच्या वहीत मी, मराठीत.
कपाखालची बशी
बारीक वाजत होती.